गिझर साडेआठ हजारांचा, खर्च बावीस हजारांचा: लातूरच्या एका घराचा हिशेब

२०२४ च्या डिसेंबरात सकाळी पावणेसातला फोन आला. लातूरच्या बाहेरच्या बाजूच्या एका कॉलनीतलं जुनं गिऱ्हाईक. घरचे मोठे निवृत्त शिक्षक, आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. फोनवर मात्र काकू होत्या. "भैया, बाथरूमचा नळ चावायलाय की ओ. कालपासून हाताला झिणझिण्या यायल्यात. आज नातू रडतच बाहेर आला."

मी म्हणालो, "काकू, आधी गिझरचं बटण बंद करा, मग मेन बंद करा. मी येईपर्यंत कुणी आंघोळीला बसू नका." वीस वर्षं गिझर-नळ दुरुस्तीचं काम करतोय. गिझर पाणी तापवत नाही म्हणून फोन आला तर मी सवडीनं जातो. नळाला शॉक येतो म्हटल्यावर हातातलं काम टाकून निघतो.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की गिझर बदलायला किती लागतात असं विचारणारा माणूस दुकानातल्या किमतीचाच विचार करतो. आपल्याकडे, निदान बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात, ती किंमत खऱ्या खर्चाच्या निम्मीसुद्धा नसते.

घर आणि पाणी

घरात सहा माणसं: गुरुजी, काकू, मुलगा, सूनबाई, दोन नातवंडं. सगळ्यांची आंघोळ बादलीनंच. गच्चीवर दोन टाक्या. मोठीत बोअरचं पाणी, लहान १,००० लिटरच्या टाकीत महापालिकेच्या नळाचं. नळाचं पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, म्हणून ते स्वयंपाकापुरतं राखून ठेवलेलं. लातूरकरांना हे सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि ५ लाख लिटर. ते ज्यांनी पाहिलंय त्यांच्या घरात नळाचं पाणी आजही तुपासारखं वापरतात. त्याच वर्षी गुरुजींची जुनी बोअर आटली आणि नवी ६२० फुटांवर नेली. पाणी लागलं, पण जड. साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, स्टीलच्या तांब्यावर पांढरे डाग.

मराठवाडा काही वाळवंट नाही, पण खोल बोअरच्या पाण्याचं गणित वाळवंटासारखंच होऊन बसतं. आपल्याखाली काळा बेसाल्ट खडक. त्याच्या भेगांतून पाणी वर्षानुवर्षं झिरपतं, मुरतं आणि खडकातला कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. खोल बोअरचं पाणी बहुतेक जुनं असतं, आणि बऱ्याचदा जड.

पहिला गिझर २०१७ चा. २०२१ मध्ये त्याची टाकी गळाली. दुसरा २०२१ च्या जूनमध्ये ७,८०० रुपयांना घेतला. साडेतीन वर्षांत त्याची कॉइल, म्हणजे पाणी तापवणारी दांडी, दोनदा बदलली होती, दोन्ही वेळा दुसऱ्या कारागिराकडून आणि दोन्ही वेळा टाकी न खरवडता. आता तिसऱ्या गिझरची वेळ आली होती.

उघडल्यावर काय दिसलं

भिंतीवरून गिझर उतरवताना पहिली शंका आली ती वजनाची. पाणी काढून टाकलं तरी तो जड लागत होता. खालच्या फ्लॅंजचे, म्हणजे झाकणाच्या चकतीचे, नट सोडले, कॉइल ओढली, तर निघेना. हलवून हलवून अखेर बाहेर आली ती ओळखू येत नव्हती. ऊसाच्या कांड्यावर चुना थापावा तसा तिच्यावर बोटभर जाड थर. एका ठिकाणी थराला आरपार चीर होती. ती पान्यानं टकटकवली तशी खपली गळून पडली आणि आत कॉइलचं कवच फाटलेलं दिसलं. तिथूनच वीज पाण्यात उतरत होती. मग टाकी परातीवर उलटी केली. घळघळ करत पांढऱ्या-तपकिरी कपच्या पडल्या. सूनबाईंनी स्वयंपाकघरातला काटा आणला. वजन भरलं १ किलो ६०० ग्रॅम. १५ लिटरच्या टाकीत एवढा चुना!

गुरुजी विज्ञानाचे शिक्षक. ते परातीकडे पाहत म्हणाले, "बायकार्बोनेट तापलं की कार्बोनेट खाली बसतं. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं." बरोबर आहे. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतो. तो सगळ्यात आधी बसतो तो सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्षार चढला की वीजबिल फुगतं असं सर्रास सांगतात. पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते, त्यामुळे बिलात फारसा फरक पडत नाही. नुकसान होतं ते कॉइलचं. थराखाली उष्णता कोंडते, कॉइल स्वतःच बेसुमार तापते आणि एक दिवस फुटते. थर्मोस्टॅटच्या नळीवरही थर बसतो, मग त्याला पाण्याचं तापमान नीट कळत नाही.

मॅग्नेशियमचा रॉड पाहिला. टाकीऐवजी स्वतः गंजावा म्हणून तो बसवलेला असतो. क्षार जास्त असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे तो लवकर संपतो. इथे नुसती आतली तार उरली होती. रॉड संपला की पाणी टाकीच्या पत्र्यावर येतं. जोडाच्या कडेनं तांबूस ओघळ दिसत होता, आणि ओघळाच्या टोकाला थेंब.

हा थेंब नसता तर मी नवा गिझर घ्यायला सांगितलं नसतं. कॉइल ७००, थर्मोस्टॅट ३००, गास्केट ६०, रॉड ३५०, साफसफाईची मजुरी ६००, म्हणजे २,०१० रुपयांत काम झालं असतं. टाकी गळत असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. आतून काचेचा मुलामा दिलेल्या टाकीला वेल्डिंग करून चालत नाही, मुलामा तडकतो. कॉइल गेली की गिझर दुरुस्त करायचा आणि टाकी गेली की बदलायचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. कॉइल गेलेली असताना नवा गिझर विकला गेल्याची उदाहरणं मी बरीच पाहिली आहेत आणि त्याचा मला राग येतो.

टाकीवर पाच वर्षांची वॉरंटी होती, म्हणून मुलानं कंपनीला फोन लावला. त्यांचा माणूस आला, रॉड पाहिला आणि कार्डावरची बारीक अक्षरं दाखवली: रॉड वेळेवर बदललेला नसेल तर टाकीची हमी नाही. रॉड बदलायचा असतो हे विकताना कुणी सांगितलं नव्हतं. त्या सातशे-आठशे रुपयांच्या कामाअभावी हमी गेली.

जमिनीतला दोष

कॉइल फुटली हे शॉकचं अर्धंच कारण. अर्थिंग चांगलं असतं तर वीज जमिनीत उतरली असती, हाताला चावली नसती. मी बोर्डावर फेज आणि अर्थच्या मध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहिला. अर्थिंग ठीक असेल तर बल्ब लख्ख पेटतो. हा पेटला रॉकेलच्या चिमणीसारखा. (हा प्रयोग घरी कुणी करू नये, तो कारागिराचा आहे.) अंगणातला अर्थिंगचा खड्डा घर बांधतानाचा. मीठ-कोळसा केव्हाच विरला होता, पाइप गंजून पातळ झाला होता.

आपल्या काळ्या मातीत हा प्रश्न मोठा आहे आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. माती ओली असेल तरच वीज जमिनीत नीट शिरते. उन्हाळ्यात आपल्याकडे रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती आकसते, पाइपपासून सुटते, मधे हवा राहते. डिसेंबरात ही गत, तर मे महिन्यात त्या घरात अर्थिंग नसल्यातच जमा असणार. शिवाय आरसीसीबी, म्हणजे गळती पकडणारा स्विच, नव्हता. गळती ३० मिलिअँपियरवर गेली की तो क्षणात वीज तोडतो. साधा एमसीबी जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावरच पडतो. माणसाच्या अंगातून जाणारी वीज त्याच्या लेखी किरकोळ असते.

मी गुरुजींना स्पष्टच सांगितलं, "गिझर कोणताही घ्या, स्वस्तातला घ्या, पण हे दोन केल्याशिवाय मी जोडून देणार नाही."

१५ की २५ लिटर

दुकानदारानं ८,४०० रुपयांचा १५ लिटरचा आणि ११,००० रुपयांचा २५ लिटरचा असे दोन गिझर सांगितले होते, दोन्ही जीएसटी धरून. मुलाचं म्हणणं, सहा माणसं आहेत, २५ चा घेऊ. आम्ही ओट्यावर बसून हिशेब केला. हिवाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी १८ अंशांचं धरा, आंघोळीला ४० अंशांचं लागतं. गिझर ५० अंशांवर ठेवला तर १५ लिटर गरम पाण्यात सात लिटर थंड मिसळून एक भरलेली बादली होते. तेवढं पाणी पुन्हा तापायला २ किलोवॅटच्या कॉइलला १७ मिनिटं लागतात. २५ लिटरच्या गिझरातही कॉइल २ किलोवॅटचीच. त्यात पावणेदोन बादल्या होतात, पण तापायला २८ मिनिटं. म्हणजे तासाला निघणाऱ्या बादल्या जवळपास सारख्याच! मोठी टाकी लागते ती दोघं एकदम आंघोळीला जाणार असतील किंवा शॉवर असेल तर. इथे बाथरूम एक आणि आंघोळी पाळीनं. १५ चा घ्यायचं ठरलं आणि वाचलेले २,६०० रुपये अर्थिंगकडे वळवले.

स्टारबद्दलही विचारणा झाली. गिझरवरचे स्टार सांगतात ते नुसतं ठेवलेलं गरम पाणी किती सावकाश निवतं ते. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्या घरात त्याला अर्थ आहे. ज्या घरात बटण सहाला लागतं आणि आठला बंद होतं तिथे त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

तीन लिटरचा झटपट गिझर मी जड पाण्याला सुचवत नाही, तो चिंचोळा असल्यानं लवकर चोंदतो. सौर बंबाचा विचार मात्र मनापासून केला, कारण ऊन आपल्याइतकं कुणाकडे आहे? सहा बादल्यांना हिवाळ्यात रोज साधारण ३ युनिट लागतात, चार महिन्यांचे ३६० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ३,६०० रुपये. उन्हाळ्यात गच्चीवरचं पाणी इतकं तापतं की दुपारी नळाखाली हात धरवत नाही, तेव्हा बचत शून्य. पावसाळ्यात कोमट पाणी हवं असतं तेव्हा नेमकं आभाळ. सौरचा भाव सांगितला होता २६,००० रुपये. वर थंड पाण्याची टाकी उंच करायला लोखंडी स्टॅंड वेगळा, आणि त्या नळ्यांतही हाच चुना बसणार. तो काढायला गच्चीवर कोण चढणार? गुरुजींचे गुडघे दुखतात, मुलगा नोकरीला बाहेर. बोअरचं पाणी मऊ असतं तर मी सौरच सुचवला असता.

पाण्याचा उपाय

गुरुजींनी दोन्ही टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून आणलं. बोअरच्या पाण्याची एकूण कठीणता, म्हणजे जडपणा, आली लिटरला ६८० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. नळाच्या पाण्याची आली २१०. हातातल्या टीडीएस मीटरवर लोक भरवसा ठेवतात, पण तो सगळ्या क्षारांची बेरीज दाखवतो. त्यातला चुना किती, हे प्रयोगशाळाच सांगते.

वर्षाला या गिझरातून अंदाजे १०,००० लिटर पाणी जातं. ६८० नं गुणलं तर ६ किलो ८०० ग्रॅम चुना त्यातून वाहतो. त्यातला थोडा आत राहिला तरी परातीत पडलं तेवढं साठतं.

एका विक्रेत्यानं सगळ्या घराला पाणी मऊ करणारं यंत्र सुचवलं होतं, ३८,००० रुपयांचं. ते मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं आणि दर धुण्याला शंभरेक लिटर तरी पाणी गटारात जातं. ज्या गावानं रेल्वेचं पाणी प्यायलं तिथे हे मला पटत नाही. फॉस्फेटची छोटी नळी गिझरआधी बसवता येते. ती चुन्याला बसू देत नाही, पण भरण दर काही महिन्यांनी बदलावं लागतं आणि लोक ते विसरतात.

उपाय काकूंनी सांगितला. गच्चीवर मी पाइपांकडे बघत उभा होतो तर त्या म्हणाल्या, "मग नळाचंच पाणी सोडा की गिझरात. उन्हाळ्यात गिझर लावतंय कोण?"

मी थबकलो. वीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नळाच्या पाण्याची ओढाताण असते ती मार्च ते जून. तेव्हा गिझर बंदच असतो. गिझर चालतो तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पावसाळा नुकता संपलेला आणि लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणात त्यातल्या त्यात पाणी असतं तेव्हा. ज्या महिन्यांत गिझरला कमी जड पाणी हवं, त्याच महिन्यांत ते मिळू शकतं. रोज ८० लिटरच्या आसपास लागतं, आठवड्याला ५६० लिटर. १,००० लिटरच्या टाकीतून स्वयंपाक सांभाळून ते निघतं. गिझरला लहान टाकीची वेगळी लाइन टाकली, नळाला पाणी नसेल तेव्हा बोअरवर फिरवायला एक कॉक ठेवला. बादलीत मिसळायचं थंड पाणी बोअरचंच.

हिशेब

गिझर ८,४०० रुपये. जोडपाइप आणि कॉक ८५०. गच्चीवरून नवी लाइन १,१५०. मीटरबोर्डापासून बाथरूमपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि अर्थची वायर मिळून १,७६०, कारण आधीची वायर बारीक होती आणि सॉकेटपाशी करपली होती. आरसीसीबी १,९५०. एमसीबी आणि १६ अँपियरचं सॉकेट ६४०. अंगणात नवं अर्थिंग ४,८००. नळकाम आणि वायरिंगची मजुरी २,४००. एक जादा रॉड ३५०. बेरीज २२,३००. जुना गिझर भंगारात ४५० ला गेला. निव्वळ २१,८५०.

गुरुजी बराच वेळ कागद बघत बसले. "म्हणजे गिझर निम्म्यालाही नाही." नाहीच. वायर, आरसीसीबी, सॉकेट आणि अर्थिंगचे मिळून ९,१५० झाले. ते घराचे पैसे आहेत, पुढच्या गिझरला पुन्हा लागणार नाहीत.

मग वर्षाचा हिशेब मांडला. जुना गिझर ७,८००, बसवायला ९००, दोनदा कॉइल बदलायला मिळून २,६००. साडेतीन वर्षांत ११,३००, वर्षाला साधारण ३,२३० रुपये. नवा आणि त्याचं जोडकाम असे ९,९०० धरले आणि तो आठ वर्षं टिकला तर वर्षाला १,२४०. त्यात दरवर्षी रॉड, गास्केट आणि साफसफाईचे १,०१० मिळवा. झाले २,२५०. वर्षाला हजारभर रुपये वाचतात, ते काही डोळे दिपवणारे नाहीत, आणि मी गुरुजींना तसं सांगितलंही. तो नातू रडत बाहेर आला, याची किंमत मात्र या कागदावर कुठेच मांडलेली नाही.

देखभालीचं एकच सांगणं दिलं: दिवाळीच्या आसपास गिझर उघडायचा. फरशी धुवायचं ॲसिड आत ओतायचं नाही, ते टाकीचा पत्रा आणि कॉइल दोन्ही खातं. थर काढायला कोमट पाण्यात लिंबूसत्त्व पुरतं. काकूंच्या सासूबाई तांब्याच्या बंबाला चिंच लावायच्या, त्यातलाच हा प्रकार. तो बंब अजून मागच्या अंगणात आहे, गुरुजी तो मोडीत घालू देत नाहीत.

वर्षानंतर

२०२५ च्या मे महिन्यात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा आरसीसीबीच्या आधीच्या बाजूला मुद्दाम बल्ब लावून पाहिला. लख्ख पेटला. काकू धुण्याचं शेवटचं पाणी रोज त्या खड्ड्यात ओततात.

नोव्हेंबरात गिझर उघडला. आधीच्या हिवाळ्यात नळाला मधे अकरा दिवस पाणी आलं नव्हतं, तेवढे दिवस बोअरवर काढले होते. रॉड निम्म्याहून जास्त शिल्लक होता. कॉइलवर राखेसारखी पांढरी भुकटी, बोटानं पुसली गेली. परातीत पडलेल्या कपच्या सूनबाईंनी त्याच काट्यावर ठेवल्या. १४० ग्रॅम भरल्या.